वेलिना हासू ह्यूस्टनचं ‘टी’: वाचाच, थोडं ताणलंय तरी

अमेरिकेत येऊन राहिलेल्या या नाटकातल्या जपानी बायका गोऱ्यांना जेवढं बोलत नाहीत तेवढं एकमेकींना सोलून काढतात, आणि मला तेच सगळ्यात आवडलं.

1968 साल, कॅन्ससमधलं जंक्शन सिटी, शेजारी फोर्ट रायलीचा लष्करी तळ. महायुद्धानंतर जपानमध्ये असलेल्या अमेरिकन सैनिकांशी लग्न करून आलेल्या पाच जपानी बायका. त्यातली हिमिको सुरुवातीलाच स्वतःला गोळी घालते (स्पॉयलर नाही, पहिल्याच पानांत आहे) आणि बाकी चौघी तिचं घर आवरायला जमतात, चहा होतो, आणि मग हळूहळू जुनी उणीदुणी निघायला लागतात. हिमिको भूत होऊन तिथेच असते.

आता नवरे बघा. सेत्सुकोचा काळा, तेरुकोचा गोरा, चिझुयेचा मेक्सिकन वंशाचा आणि अत्सुकोचा जपानी वंशाचाच अमेरिकन, त्यामुळे अत्सुकोबाईंचं नाक कायम वर, इतरांच्या पंक्तीला बसायचं म्हणजे जिवावर येतं तिला. बाहेर अमेरिकेत 1967 पर्यंत कित्येक राज्यांत मिश्र लग्न बेकायदा होतं, सुप्रीम कोर्टाने तेव्हा कुठे ते कायदे मोडीत काढले, पण इथे या चौघींच्यात कोणाचा नवरा कोणत्या रंगाचा यावरून आपली आपली उतरंड लावून झालेली आहे. म्हणजे आपलं कोण हे गोरेच ठरवतात असं नाही, आणि लेखिका हे कसलीही सारवासारव न करता दाखवते.

खरी कमाल म्हणजे याच नटी मध्येच आपापले नवरे होतात आणि मग आपापल्या मुली पण. आत्ता ताठ बसून चहा ओतणारी आई पुढच्या क्षणी तीच आईला वैतागलेली अमेरिकन पोरगी. मिश्र वंशाच्या पोरांवर भाषण ठोकायची गरजच उरत नाही, आई आणि मुलगी एकाच अंगात दिसतात ना! हे प्रयोगात बघायला मिळालं पाहिजे यार, नुसत्या वाचनात अर्धंच पोचतं.

ह्यूस्टनची स्वतःची आई जपानी, वडील आफ्रिकन-अमेरिकन आणि नेटिव्ह अमेरिकन (तिथल्या मूळ आदिवासी) वंशाचे, आणि ती वाढली याच जंक्शन सिटीत. तिथल्या जपानी बायकांशी बोलून तिने हे उभं केलंय. त्यामुळे छोटे टोमणे एकदम अस्सल वाटतात.

खटकलं ते हिमिकोचं. मारकुटा नवरा, त्याचा तिच्या हातून झालेला खून, मग मुलीचा भयानक मृत्यू, एकाच बाईवर एवढं लादलंय की शेवटी शेवटी ती बाई कमी आणि सगळ्यांच्या दुःखाचं गाठोडं जास्त वाटते. आणि काही ठिकाणी पात्रं एकमेकींना माहीत असलेल्याच गोष्टी सांगत बसतात, प्रेक्षकाला कळाव्यात म्हणून. नवऱ्यांचे प्रवेशही जरा उरकल्यासारखे.

तरी पाचपैकी चार. हे तीन नाटकांतलं शेवटचं आहे, आधी ‘आसा गा किमाशिता’ आणि ‘अमेरिकन ड्रीम्स’, पण क्रमाच्या भानगडीत न पडता सरळ ‘टी’पासून सुरू केलं तरी काही अडत नाही. फक्त नावं सुरुवातीला कागदावर लिहून ठेवा, कोण कोणाची बायको ते पहिल्या प्रवेशात जाम गोंधळायला होतं.