लंगरातली भाकरी : आठ महिन्यांचा अनुभव

मार्च 2023 मध्ये भारतीय लष्कराने जवानांच्या राशनमध्ये बाजरी, ज्वारी, नाचणीचं पीठ परत आणायचं ठरवलं. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी ते बंद होऊन त्या जागी गव्हाचा आटा आला होता. आता तांदूळ आणि आट्याच्या हक्काच्या वाट्यातला 25 टक्क्यांपर्यंतचा भाग या पिठांच्या रूपात मागता येतो. आठ महिने मी आमच्या कंपनीचा लंगर कमांडर, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघराचा प्रमुख होतो, त्या काळातला हा अनुभव.

पहिला महिना कठीण गेला. चपातीच्या मशीनला बाजरी चालेना. पिठाला चिकटपणाच नाही, चपाती पट्ट्यावरच तुटायची. शंभर जणांच्या भाकऱ्या हाताने थापणं दोन कुकच्या आवाक्याबाहेरचं. मग बाजरीची उकड काढून एकास तीन गहू घातला, तेव्हा मशीन चाललं. निव्वळ भाकरी फक्त रविवारी. राजस्थानची पोरं त्या दिवशी सगळ्यांच्या आधी रांगेत. कर्नाटकातल्या एका शिपायाने कुकला ‘रागी मुद्दे’ म्हणजे नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा शिकवला, तोही आवडीने खाल्ला गेला.

बाजरीच्या पिठात तेलाचा अंश जास्त, उन्हाळ्यात ते लवकर कडू होतं. आम्ही नवी पोती जुन्यांवर रचत गेलो आणि खालची दोन फुकट गेली. जवानाच्या तोंडचं अन्न असं वाया गेलेलं मला फार लागलं. तेव्हापासून पोत्यावर खडूने तारीख, मागणी थोडी थोडी, आणि गरमी सुरू झाली की बाजरी बंद, ज्वारी सुरू.

पण खरा फरक पडला तो वाढण्याच्या जागेने. आमच्याकडे अकरालाच सगळं शिजून तयार असायचं, जेवण एकला. तोवर भाकरीचा पापड झालेला. दोष पिठाला लागायचा. सुभेदार साहेबांना विचारून एक तवा वाढपाच्या टेबलाशेजारीच मांडला, जेवणाच्या दोन पाळ्या केल्या. ताटात वाफाळती भाकरी पडू लागली आणि टाकलेल्या तुकड्यांची बादली अर्ध्यावर आली.

रात्री गार्डवरून उतरणाऱ्यांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. हॉटकेसमध्ये चपाती तग धरते, भाकरी वाफेने ओली होऊन चिवट होते. कापडात गुंडाळून पाहिली, थोडी बरी लागते. त्या वेळी एक छोटी शेगडी आणि एक माणूस मिळावा, ही मागणी मी लंगर सोपवताना लिहून दिली आहे.