छापील बातमी आणि मिनिटभराची चित्रफीत
स्ट्रासबुर्ग येथे १६०५ साली निघालेल्या साप्ताहिकापासून छापील वृत्तपत्राची परंपरा मोजली जाते, तर यूट्यूबचे शॉर्ट्स आणि इन्स्टाग्रामचे रील्स हे दोन्ही २०२० च्या आसपासचे. वेगात चित्रफीत निर्विवाद पुढे आहे. पूर चढत असताना उद्याच्या अंकाची वाट कोण पाहणार?

मजकुराचा प्रश्न मात्र वेगळा आहे. निवेदक मिनिटाला साधारण १५० शब्द बोलतो, म्हणजे ६० सेकंदांची चित्रफीत संपते तेव्हा एखादी एकस्तंभी बातमीही जेमतेम पुरी झालेली असते, आणि अर्थसंकल्पासारख्या विषयात तर पहिल्या दोन-तीन सेकंदांत प्रेक्षकाला थोपवून धरण्याच्या धडपडीत आकड्यांमागची कारणेच गळून पडतात. छापील पानावर नजर मागे नेऊन तोच परिच्छेद पुन्हा वाचता येतो. शिवाय शेजारच्या रकान्यात, आपण न शोधलेली आणि अल्गोरिदमने कदाचित दाखवलीच नसती अशी बातमीही भेटते.

चूकदुरुस्ती वृत्तपत्र दुसऱ्या दिवशी छापते (कोपऱ्यात का होईना), पण चुकीची चित्रफीत मूळ खात्यावरून काढली तरी तिच्या प्रती तारखेविना फिरत राहतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मात्र चित्रफीतच उपयोगाची, हे मान्य करायला हवे.