भिंतीवरचा तक्ता की जोडीतली दोन चित्रं?

पाचवी ते आठवीला इंग्रजी व्याकरण चित्रांवरून, बोलून घ्यायचं एवढं ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी हे. पुढे दोन वाटा फुटतात. एक मोठा तक्ता टांगून सगळ्या वर्गाला त्यावर बोलतं करायचं. नाहीतर वरवर सारखी, पण चार-सहा ठिकाणी वेगळी अशी दोन चित्रं जोडीतल्या दोघांना द्यायची आणि एकमेकांचं न बघता, नुसतं विचारून फरक शोधायला लावायचं. बीड जिल्ह्यातल्या मराठी माध्यमाच्या वर्गात मी दोन्ही वापरून पाहिलंय.

तक्ता सोयीचा, यात वाद नाही. वर्ग हातात राहतो. दोन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या एकट्या शिक्षकाला तर दुसरं काही जमणं अवघडच. ‘देअर इज’, ‘देअर आर’, प्रेझेंट कंटिन्युअस त्यावर झकास होतं. फक्त विकतच्या तक्त्यावर बर्फाचा माणूस असतो, आणि व्याकरण राहतं बाजूला, आपण शब्दार्थ सांगत बसतो. त्यापेक्षा हापसा, लिंबाखाली बांधलेली शेळी, सोयाबीनची रास असं आपल्या हातचं वेडंवाकडं चित्र पोरांना लवकर बोलतं करतं. (स्मार्ट टीव्हीचं मी धरतच नाही. लाइट असली तर तोही तक्ताच.)

मला खटकत राहिलं ते वेगळंच. ‘व्हॉट इज द बॉय डूइंग?’ मी विचारणार, पुढच्या बाकावरची ठरलेली पोरं ‘रनिंग!’ म्हणून ओरडणार. पूर्ण वाक्य सांग म्हटलं तर सातवीतलं एक पोरगं म्हणालं, “सर, तुम्हालाबी दिसायलंय की.” काय चुकलं त्याचं? दोघांनाही दिसणारी गोष्ट सांगायची कशाला? त्यात प्रश्न कायम माझेच. मराठीत शेवटी ‘का’ लावलं की भागतं; इंग्रजीत ‘इज’ उचलून पुढं आणावा लागतो. ते वळण जिभेला पडायचं तर पोरांनीच विचारायला हवं, आणि तक्त्यापुढं ती वेळच येत नाही. उत्तरं देण्यात पटाईत झालेली पोरं आठवीतसुद्धा ‘यू आर कमिंग?’ असंच विचारतात.

जोडीत मात्र विचारल्याशिवाय गत्यंतर नसतं. दोघींच्या मधे दप्तर उभं. एकीच्या चित्रात कुत्रं बाजेखाली, दुसरीच्या बाजेवर. “डॉग अंडर कॉट?” समोरची गोंधळते, कारण मी मुद्दाम दोन कुत्री काढलेली असतात. “व्हिच डॉग?” मग पहिली जरा थांबून म्हणते, “द ब्लॅक डॉग. इज द ब्लॅक डॉग अंडर द कॉट?” ‘द’ कुठं लावायचा याचा नियम मी फळ्यावर कितीदा लिहिला असेल, पण त्याची गरज पोरींना इथं पडली. ऊसतोडीहून मार्च-एप्रिलात परतलेली पोरंही जोडीत लगेच मिसळतात. तक्त्यापुढं तीच मागं दबून बसतात, असा माझा अनुभव.

तोटे आहेत. गोंगाट होतो, शेजारच्या वर्गातून कुणीतरी डोकावतं. पोरं मधेच “तुझ्यात शेळी हाय का?” वर येतात. आणि एक आक्षेप तर जाणत्या माणसाचा आहे. इंग्रजी शिकवण्याच्या पद्धतींचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर-मद्रासकडच्या शाळांत असाच, कामातून भाषा येऊ देणारा प्रयोग केला. पण गटकामाला ते बिचकून होते, कारण मुलं एकमेकांच्या चुकाच पक्क्या करतील. भीती खोटी नाही. म्हणून तासाची शेवटची दहा मिनिटं मी एका जोडीला पुढं बोलावतो आणि कानावर पडलेली चुकीची वाक्यं, नाव न घेता, फळ्यावर लिहून वर्गाकडूनच दुरुस्त करून घेतो.

पहिली-दुसरी असेल किंवा वर्ग फारच मोठा असेल तर तक्ताच बरा, असं मी तरी म्हणेन. पाचवीच्या पुढं आणि पटसंख्या आवाक्यातली असेल तर एकदा जोडीची चित्रं करून बघा. एक चित्र काढायचं, त्याची झेरॉक्स काढून तिच्यात व्हाइटनरनं फेरफार करायचे, मग दोन्हींच्या प्रती काढून प्लास्टिकच्या फोल्डरमधे घालायच्या, वर्षभर टिकतात. सुरुवात प्रिपोझिशनपासून करा. पॅसिव्ह व्हॉइस मात्र यात बसवायच्या नादी लागू नका, त्याला फळा आणि खडूच ठीक.