पहिल्या पगारातली तीन पुस्तकं

भाच्याचा पहिला पगार झाला. डोंबिवली ते सीएसएमटी रोजची लोकल, मोबाइल बघून डोळे चुरचुरतात म्हणाला. "मामा, तीन पुस्तकं सांग. एक लढाईचं, एक खेळाचं, एक चरित्र. आणि सगळीच चांगली आहेत असं म्हणू नकोस." नाही म्हणत. माझा कल आधीच सांगून टाकतो: मला हार झालेल्यांची पुस्तकं आवडतात. जिंकलेला हार गळ्यात घालून मोकळा होतो. हरलेला कुठे चुकलं ते चिवडत बसतो, आणि वाचायला तेच तर हवं असतं.

लढाईत दोन पुस्तकं समोरासमोर ठेवली. ब्रिगेडियर जॉन दळवींचं 'हिमालयन ब्लंडर' आणि त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१'. दळवी १९६२ साली ईशान्य सीमेवरच्या नामका चू नदीकाठच्या ब्रिगेडचे प्रमुख. २० ऑक्टोबरला पहाटे चिनी हल्ला झाला, २२ तारखेला ते स्वतः पकडले गेले. १९६९ साली आलेल्या या पुस्तकात राग ठासून भरलाय, आणि तो रास्तच आहे. जवान सुती कपड्यांत, दारूगोळा तुटपुंजा, आणि चौक्या कुठे हव्यात ते दिल्लीतल्या नकाशावर ठरलेलं. पण दळवींचं बोट बहुतेक वेळा वरच जातं, आणि प्रत्यक्ष लढाईपर्यंत पोहोचायला धीर धरावा लागतो.

शेजवलकरांनाही एक बाजू आहेच. सदाशिवरावभाऊंवरचा ठपका त्यांना पुसायचा होता. पण ते सगळं कागदपत्रांनी तोलून मांडतात. शाळेत आपण शिकलो ते एवढंच, की विश्वासराव पडले, भाऊ दिसेनासे झाले आणि पळापळ झाली. गोम त्याआधी अडीच-तीन महिन्यांची. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठे दिल्लीच्या उत्तरेला कुंजपुऱ्याकडे गुंतलेले, तेवढ्यात अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे आणि दिल्ली यांच्या मध्येच येऊन बसला. पुढे रसदीची वाट बंद. डिसेंबरात रसद पाहणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, उरलासुरला आधारही गेला. १४ जानेवारी १७६१ ला मराठे मैदानात उतरले ते उपाशीपोटी. पुस्तक रुक्ष आहे, नाकारत नाही. शेजारी नकाशा उघडा ठेवून वाचावं. विश्वास पाटलांची 'पानिपत' कादंबरी आधी वाचली असेल तर काम सोपं, फक्त तिच्यावर थांबू नये. दोन्हींत एकच घ्यायचं तर शेजवलकर.

खेळात निवड अवघड, कारण इथे घरचीच माणसं. गावसकरांचं 'सनी डेज' १९७६ चं, लेखक तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांचा. सुरुवातच भन्नाट: दवाखान्यात बाळांची अदलाबदल झाली होती, कानाजवळचं बारीक छिद्र काकांनी आधी बघून ठेवलं होतं म्हणून सुनील सापडला, नाहीतर कोळ्याच्या घरी वाढला असता! १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यातल्या ७७४ धावा आहेतच, पण १९७६ च्या दौऱ्यातल्या किंग्स्टनच्या प्रेक्षकांवर जो जाळ काढलाय त्याने आजही भुवया उंचावतात. हसत हसत दोन-चार फेऱ्यांत संपेल.

संजय मांजरेकरांचं 'इम्परफेक्ट' (२०१८) त्याच्या अगदी उलट टोकाला. लाहोरला २१८ करणारा हा फलंदाज ३७ कसोटींवर थांबला, आणि का थांबला ते तो स्वतःच उकरून काढतो. तंत्राचा ध्यास, मनातली भीती, आणि घरात विजय मांजरेकरांचा धाक. बापाबद्दल इतकं मोकळं लिहिणं आपल्याकडे विरळाच. सचिनचं आत्मचरित्र मात्र फार जपून लिहिलेलं आहे, फिक्सिंगच्या काळाबद्दल जवळजवळ गप्प. ते संग्राह्य म्हणून ठेवा. पैसे मांजरेकरांवर खर्च करा, 'सनी डेज' फोर्टच्या फुटपाथवर मिळालं तर सोडू नका.

चरित्रात बाबासाहेबांवरचीच दोन. धनंजय कीरांचं इंग्रजी चरित्र १९५४ चं, बाबासाहेब हयात असतानाचं. पुढे मराठीतही आलं. एका खंडात सगळा माणूस, थोडी अलंकारिक भाषा. चां. भ. खैरमोड्यांचं अनेक खंडी. ते बाबासाहेबांच्या जवळ वावरलेले, त्यामुळे पत्रं, भेटी, बारीकसारीक प्रसंग यांची खाणच. पण पहिल्यांदा वाचणारा त्यात हरवून जाईल.

कीरांबरोबर रामचंद्र गुहांच्या क्रिकेट-इतिहासातली पाळवणकर बाळूंची प्रकरणं जरूर वाचावीत. पुण्याच्या पॅव्हिलियनबाहेर ज्याला मातीच्या कपात वेगळा चहा मिळायचा, त्या दलित गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना नाही, १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. चर्नी रोड ते मरीन लाइन्स गाडीतून धर्मवार वाटलेले जिमखाने दिसतात, तेव्हा मला हेच आठवतं. हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. १९५२ मध्ये मुंबईतूनच बाबासाहेब लोकसभेला हरले.

भाच्याला कीर घ्यायला सांगितलं. खैरमोडे नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बघ म्हटलं, एकेक खंड आणून.