गेकोच्या टाकीत खऱ्या वेली: आठ-नऊ महिन्यांनंतर

गेकोच्या, म्हणजे पाळीव पालीच्या, काचेच्या टाकीतल्या प्लास्टिकच्या वेली काढून खऱ्या लावाव्यात का? माझ्या मते लावाव्यात. फक्त फोटोतली गच्च हिरवी भिंत डोक्यातून काढा आणि सुरुवात साध्या मनीप्लांटने करा.

माझी टाकी उभी आहे, ४५ बाय ४५ आणि उंची ६० सेंमी. आत एकच क्रेस्टेड जातीची गेको. तळाला भाजक्या मातीच्या गोळ्या, वर जाळी, मग कोकोपीट मिसळलेली भुसभुशीत माती. मागच्या काचेला कॉर्कची साल, आणि झाकणावर झाडांसाठी ६५०० केल्विनचा एलईडी. पहिला महिनाभर टाकीत नुसती झाडंच होती. मुळं धरायच्या आत गेको सोडली तर ती रात्रभर उड्या मारून सगळं उपटून ठेवते.

भिंतीसाठी फायकस प्युमिला नावाची चढणारी वेल लावली होती. बारीक पानं, दिसायला झकास, पण सुरुवातीला ढिम्म हलेना. तिची मुळं ओल असेल तिथेच धरतात, कोरड्या सालीवर शेंडा नुसता लोंबतो आणि वाळतो. सालीच्या भेगांत ओलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) कोंबलं आणि बाई चढायला लागल्या त्या थेट झाकणापर्यंत! मग खालच्या झाडांचा उजेड अडला. आता दर पंधरा दिवसांनी कात्री चालवावी लागते. वड-उंबराच्याच कुळातली, त्यामुळे कापली की पांढरा चीक गळतो. छाटलेलं सगळं बाहेर काढून, टोकं ओल्या कापडाने टिपून मगच दार लावते.

मनीप्लांटचे असले नखरे नाहीत. पेरासकट कांडं मॉसमध्ये खोचलं की मुळं फुटतात. मोठ्या क्रेस्टेड गेकोचं वजन ३५ ते ५० ग्रॅम भरतं, तेवढं त्याचं जाड पान आणि देठ आरामात पेलतात. सिंगोनियम ही आणखी एक वेल लावली होती, तिचे देठ मात्र मोडायचे, म्हणून ते काढून टाकलं. संध्याकाळी फवारणी केली की थोड्या वेळाने गेको मनीप्लांटच्या पानावर उलटी लटकते. पापण्या नसल्याने आधी जिभेने स्वतःचा डोळा पुसते आणि मग पानाच्या टोकाला लोंबणारे थेंब एकेक करून चाटते. पाण्याची वाटी ठेवलीय, तिच्याकडे ढुंकून बघत नाही.

दमटपणात चांगलाच फरक पडला. आधी सकाळी मारलेली फवारणी दुपारपर्यंत उडून जायची. आता संध्याकाळी एकदा मारली की रात्री मीटर ८० टक्क्यांच्या आसपास आणि दिवसा ६० च्या घरात असतो. कातही बोटांवर अडकून राहत नाही. पण दिवसा टाकी थोडी सुकू द्यायलाच हवी. सतत ओली ठेवली की खालची पानं काळी पडून कुजतात. गळलेली पानं आणि विष्ठा संपवायला मातीत स्प्रिंगटेल नावाचे बारीक किडे सोडलेत, तरी मोठ्या पानांवरची घाण हाताने पुसावी लागतेच. आणि एवढ्या पाल्यात गेको शोधणं हा रोजचा अर्धा तासाचा उद्योग, तो वेगळाच.

रोपवाटिकेतलं झाड आणलं तसं टाकीत लावू नका. त्यावर कीटकनाशक मारलेलं असू शकतं, मातीत खताच्या गोळ्या असतात. मुळं धुवून काही आठवडे वेगळ्या कुंडीत वाढवा आणि नव्या वाढीची कटिंग टाकीत लावा.

मनीप्लांट अळूच्या कुळातला. त्याच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, अळू खाजतं ते त्यांच्यामुळेच. क्रेस्टेड गेको पाला खात नाही म्हणून माझ्याकडे चालतं. पाला खाणाऱ्या इग्वाना सरड्याच्या टाकीत हे झाड नको. बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा तर कोरड्या हवेतला प्राणी, त्याच्याकडे या दोन्ही वेलींचा विचारच करू नका.