दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स कार: चौदा महिन्यांनंतर

डॅशबोर्डच्या कप्प्यात मी एक वही ठेवतो. डाव्या पानावर किलोमीटर, उजव्या पानावर हात काळे केल्याचे तास. गेल्या रविवारी बेरीज केली. चौदा महिन्यांत गाडी ७,८६० किलोमीटर चालली, त्यातले २१४ ट्रॅकवर. उजव्या पानाची बेरीज १३१ तास. सरासरी वेग धरून हिशेब केला तर चालवण्याचे तास दोनशेच्या आत येतात. म्हणजे तीन तास चालवायला दोन तास गाडीखाली. घेण्याआधी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या एकानेही हे प्रमाण सांगितलं नव्हतं. आता मला कोणी समोरासमोर विचारलं तर मीही सांगत नाही, ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. म्हणून इथे लिहितोय.

कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, नाव दिसलं की लोक नावावरच भांडतात. एवढं पुरे: नव्वदच्या दशकातली, १.६ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, पाच गिअर, कापडी टप, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) नाही, वजन हजार किलोच्या आत, ताकद ११५ अश्वशक्तीच्या आसपास. आजची एखादी साधी टर्बो हॅचबॅक सिग्नलवरून हिला आरामात मागे टाकते. टाकली आहे, बऱ्याचदा.

हा साचा जुनाच. १९६२ च्या लोटस एलानचं वजन ७०० किलोच्या आसपास होतं आणि मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना ती वळणांवर घाम फोडायची. मग अशा गाड्या हळूहळू नाहीशा झाल्या. १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझदाने एमएक्स-५ आणली आणि साचा पुन्हा जिवंत झाला. २०१६ मध्ये बनवलेल्या एमएक्स-५ चा आकडा दहा लाखांवर गेला. 'जिन्बा इत्ताई' हा जपानी शब्द त्यांनीच गाड्यांच्या दुनियेत रुळवला: घोडा आणि स्वार एकजीव. तिच्या पाठोपाठ बऱ्याच कंपन्यांनी असल्या गाड्या काढल्या, माझी त्यांतली एक. घोडा-स्वार वगैरे जाहिरातीची भाषा म्हणून मी हसायचो. आता हसत नाही, पण घोड्याला खरारा करावा लागतो हे त्या जाहिरातीत नसतं.

आधी सोमवार ते शुक्रवार. स्पोर्ट्स कारवाल्याचं आयुष्य म्हणजे वेग असं बाहेरून वाटतं. खरं तर सकाळची पहिली पंधरा मिनिटं मी रस्त्यावरचा सगळ्यात शहाणा माणूस असतो. इंजिनच्या पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर आला तरी इंजिनचं तेल अजून गारच असतं, त्याला उशीर लागतो. तोवर तीन हजार आरपीएमच्या (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) वर जायचं नाही. ऑफिसचा रस्ता वीस मिनिटांचा. म्हणजे इंजिन मोकळं सोडावं अशी वेळ येते तेव्हा पार्किंग दिसायला लागतं. आता मी पाच-सात किलोमीटर लांबचा रस्ता घेतो. घरी कारण ट्रॅफिक सांगितलंय.

बसायला इतकी खाली की शेजारी ट्रक थांबला की त्याच्या चाकाचे नट माझ्या डोळ्यांसमोर. आपल्याला तो दिसतोय, त्याला आपण दिसतोय की नाही देव जाणे. त्याच्या आरशात त्याचं तोंड दिसलं नाही तर त्याच्या बाजूला रेंगाळायचं नाही, हा नियम दुसऱ्याच दिवशी केला. गतिरोधक तिरके घ्यायचे, एकेक चाक करून. डिकीत दोन दिवसांचे कपडे मावतात. एफएम ऐकू येत नाही. पाठ दुखत नाही, पण बाहेर पडताना वय कळतं.

सिग्नलला पोरं हमखास विचारतात, "काका, किती पळते हो?" विचारता विचारता आत वाकून स्पीडोमीटरवरचा शेवटचा आकडा वाचून घेतात. त्या आकड्याच्या आसपास मी कधी गेलेलो नाही. पण त्यांच्यासमोर हे कबूल करायला जीभ रेटत नाही.

आता टायर. याबद्दल सविस्तर लिहितो, कारण जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं असं वाटतं.

विकणारा म्हणाला होता, टायर नवेकोरे आहेत. मी खाचांमध्ये नाणं घालून पाहिलं, खाचा खरंच खोल. दुसऱ्या महिन्यात, पाऊस नुकताच सुरू झालेला, एका गोल चौकात दुसऱ्या गिअरमध्ये जेमतेम तीसच्या वेगाने वळत होतो. बाहेर पडताना ॲक्सिलरेटरवर जरासा पाय टाकला आणि गाडीचा मागचा भाग निमूटपणे पुढे आला. आवाज नाही, किंचाळणं नाही. मी आलो त्या दिशेला तोंड करून उभा, इंजिन बंद पडलेलं, वायपर चालू. मागे कोणी नव्हतं म्हणून हे लिहायला शिल्लक आहे.

घरी येऊन टॉर्च घेऊन आडवा झालो. टायरच्या बाजूला 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. हे चार आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला छापलेले असतात. माझ्या टायरांची ती बाजू आत, गाडीच्या पोटाकडे. बाहेरून कितीही पाहिलं असतं तरी दिसले नसते. आकडे होते ३११०: २०१० सालचा एकतिसावा आठवडा. गाडी माझ्या हातात आली तेव्हा टायरांनी तेरा वर्षं ओलांडली होती. खाचा शिल्लक होत्या कारण गाडी चाललीच नव्हती. रबर मात्र वाळून गेलं होतं, नख दाबलं तर रुतेना. हजार किलोची गाडी तळहाताएवढ्या चार तुकड्यांवर रस्त्याला धरून असते, आणि ते चारही तुकडे दगड झाले होते.

नवे टायर त्याच मापाचे घेतले, १८५/६०, चौदा इंची. "रुंद घाल, दिसते छान," असं ओळखीतले सगळे म्हणाले. घातले नाहीत. हलक्या गाडीला रुंद टायर घातले की पकड वाढते, हे खरंच. पण मग गाडी सुटते तीही जास्त वेगात आणि आधी फारशी सूचना न देता. अरुंद टायर पन्नासलाच कुरकुरायला लागतो, आणि मला तीच कुरकुर ऐकायची असते. यावर वाद आहेत. असू देत.

पाचव्या महिन्यात पहिल्यांदा ट्रॅकवर गेलो. रेस नाही, ट्रॅक डे: आपापली गाडी, हेल्मेट, वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्या, ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर आणि तेही पुढच्याने हात दाखवला तरच. पहिल्या फेरीत निळा झेंडा माझ्यासाठीच विणला असावा असं वाटत होतं. मागून वेगवान गाडी येतेय, वाट दे, एवढाच त्याचा अर्थ, पण तो सतत मलाच दिसत होता. दुसऱ्या फेरीत वाट देता येऊ लागली. तिसरीत वळणाच्या टोकाकडे न पाहता बाहेर पडायच्या जागेकडे पाहायला लागलो आणि स्टिअरिंग अचानक हलकं झालं. नंतर कळलं, स्टिअरिंग होतं तसंच होतं, मी ते आवळून धरायचं सोडलं होतं.

चौथ्या फेरीत ब्रेकचा पेडल मऊ पडला. सरळ पट्ट्याच्या शेवटी पाय दाबला तर तो निम्म्यापर्यंत गेला आणि गाडी जेमतेम हळू झाली. दोन-तीनदा पेडल पंप केला, थोडा ब्रेक लागला, वळण रुंद घेतलं, हात वर करून बाहेर आलो. पार्किंगमध्ये सवयीने हँडब्रेक ओढायला गेलो तेव्हा शेजारच्याने जवळपास मनगटच धरलं. तापलेली डिस्क आणि तापलेले पॅड एकमेकांवर दाबून ठेवायचे नाहीत. गिअरमध्ये ठेव, चाकाखाली दगड लाव.

दोष गाडीचा नव्हता, माझा होता. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये. पाणी मुरल्यावर ही अट १५५ अंशांवर येते. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय ऑइल दाबायच्या ऐवजी वाफ दाबत बसतो. माझं ऑइल काळपट तपकिरी झालेलं मी आधीच पाहिलं होतं, वहीत "बघू" असं लिहूनही ठेवलं होतं.

पुढच्या शनिवारी जुनं ऑइल बदलून ब्रेकची हवा काढायला बसलो. याला दोन माणसं लागतात. बायको आत, मी मागच्या चाकापाशी, ब्रेकमधून ऑइल बाहेर काढायच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत.

"दाब."

"दाबला."

"धर." मी पाना पाव फेरा फिरवायचा, नळीतून काळं ऑइल यायचं. "खाली जातोय गं, जाऊ दे. पण सोडू नकोस." निपल आवळायचं. "आता सोड."

मध्येच पेडल सुटला तर हवा उलटी आत. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. तिसऱ्या चाकापर्यंत ती म्हणाली, "तू तिकडे 'धर' म्हणतोस आणि दोन मिनिटं गप्प बसतोस. जिवंत आहेस की नाही ते तरी सांगत जा." तेव्हापासून मी आकडे मोजतो, मोठ्याने. चौथ्या चाकाच्या नळीत ऑइल जवळपास पाण्यासारखं स्वच्छ आलं आणि पेडल वरच्या वर टणक झाला. या चौदा महिन्यांतल्या पाच समाधानी क्षणांत तो आहे. ट्रॅकवरचा एकही नाही.

रविवार सकाळच्या भेटींबद्दल थोडं. पहाटे रस्ते रिकामे असताना आठ-दहा गाड्या ठरल्या ठिकाणी जमतात, तोंड बाहेर करून उभ्या राहतात, बोनेट उघडतात. निम्म्या गप्पा जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकच्या. तिथला नॉर्डश्लायफ हा जुना मार्ग २०.८ किलोमीटरचा, १९२७ मध्ये सुरू झालेला, आणि ठरावीक दिवशी पैसे भरून कोणीही स्वतःच्या गाडीने आत जाऊ शकतं. आमच्यापैकी कोणीही गेलेलं नाही, पण वळणं सगळ्यांना पाठ आहेत. काहींच्या गाड्या इतक्या स्वच्छ असतात की चालवत आणल्या की उचलून, असा प्रश्न पडतो. परतताना कोणाला तरी शर्यतीची खुमखुमी येतेच. मी तेव्हा मुद्दाम मागे राहतो. सार्वजनिक रस्त्यावर निळे झेंडे नसतात.

घेऊ का, असं विचारणाऱ्यांना: घरात ही एकच गाडी असणार असेल तर नको. पाना हातात धरायचा कंटाळा असेल तरीही नको. टपाच्या मागच्या कोपऱ्यांत पाणी वाहून जायला भोकं असतात, ती पानांनी तुंबली की पाणी पत्र्यात उतरतं आणि गाडी आतून गंजायला लागते. दर महिन्याला एक मऊ नळी घालून ती साफ करायची. हे वाचताना जांभई आली असेल तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

गेल्या आठवड्यापासून साठच्या पुढे समोरून गुणगुण ऐकू येतेय. उजवीकडे वळताना वाढते, डावीकडे वळताना जाते. उजवीकडे वळलं की भार डाव्या बाजूवर येतो, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग. उजव्या पानावर ओळ लिहून ठेवली आहे. या कामाला पेडलवर पाय लागणार नाही, पण टॉर्च धरायला कोणीतरी लागेल. तिला अजून सांगितलेलं नाही.