करमळीचं तळं की मोरजीचा किनारा?

गोव्यात पक्षी बघायला एकच सकाळ हाताशी असेल, तर आधी तारीख बघा. फेब्रुवारी असेल तर करमळीचं तळं गाठा, मार्चचा मध्य उलटला असेल तर मोरजीचा किनारा. माझा कौल इतका सरळ आहे.

करमळीची सोय बिनतोड. जुन्या गोव्याजवळ, कोकण रेल्वेच्या करमळी स्टेशनाशेजारीच तळं; गाडीतून उतरलं की चालत काठावर. शेतीच्या पाण्यासाठी माणसांनीच केलेलं हे तळं उथळ आणि पाणवनस्पतींनी भरलेलं आहे. अडई बदकांचे थवे, पानांवरून चालणारे कमळपक्षी, पायाच्या लांब बोटांत देठ धरून खाणाऱ्या जांभळ्या पाणकोंबड्या हे सगळं साध्या दुर्बिणीतून दिसतं. सोबत आई-वडील किंवा लहान मुलं असतील तर पुढचं वाचूच नका, इथेच या. हिवाळी पाहुण्यांत तलवार बदक आणि भुवई बदक. भुवई बदकाचा नर या दिवसांत ऐन रंगात असतो. डोळ्यावरून मानेपर्यंत गेलेला पांढरा पट्टा लांबूनही लपत नाही. पण मार्चमध्ये ही मंडळी उत्तरेकडे निघू लागतात, ऊन चढतं तसं तळ्यातलं पाणीही उतरत जातं.

मोरजीचं गणित वेगळं. शापोरा नदी समुद्राला मिळते तिथल्या वाळूच्या पट्ट्यावर कुरव, सुरय हे समुद्रपक्षी आणि चिखल्या या छोट्या किनारी पक्ष्यांचे थवे बसतात. इथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं वेळापत्रक महत्त्वाचं. ओहोटीला पक्षी चिखलावर पांगतात आणि ठिपक्यांएवढे दिसतात. भरती चढू लागली की उरलेल्या कोरड्या वाळूवर दाटीवाटीने येतात. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून मित्राने गेल्या आठवड्यात साधलेली वेळ तुमच्या कामाची नाही.

मग एवढा खटाटोप कशाला? रंगांसाठी. काळ्या डोक्याच्या कुरवाला थंडीत डोळ्यामागे जेमतेम एक डाग असतो. मार्चमध्ये तिथून गडद टोपी पसरत जाते. एकाच थव्यात कोणी अर्ध्या टोपीचा, कोणी पुऱ्या. एरवी मातकट दिसणाऱ्या छोट्या चिखल्याच्या छातीवर विटकरी रंग चढतो, डोळ्यांवर काळा पट्टा येतो आणि तो लडाख-तिबेटच्या वाटेला लागतो. तळ्यावर हे दृश्य नाही.

तोटेही ऐका. सावली नाही, वाळूत चालून पाय भरून येतात, आणि भटकी कुत्री एका धावेत अख्खा थवा उडवतात. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिवईवरची मोठी दुर्बीण, नसेल तर चिखल्यांच्या जाती ओळखणं डोकेदुखीच. मला ती आवडते, सगळ्यांना आवडेलच असं नाही. थव्यावर चालून जाऊ नका, लांबच्या प्रवासाआधी त्यांना खाणं आणि विश्रांती दोन्ही हवं असतं. ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांभोवती कुंपण दिसलं तर तिथूनही लांब राहा.

सकाळी सूर्य पूर्वेला, समुद्र पश्चिमेला, त्यामुळे मोरजीला उजेड पाठीशी मिळतो. फोटोवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं. भरती दुपारीच येणार असेल तर मार्चअखेरीसही सकाळ करमळीला घालवा आणि भरतीच्या तासभर आधी टोपी, पाणी घेऊन मोरजीला पोचा.